अजून वास येतो

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांच्यापुढच्या माणसाचे गमबूट काळ्या गाळाने माखलेले.

"नदीतला गाळ काढणारा तूच ना रे? अजून वास येतो."

"काय सांगता आजी! कारखान्यांनी सोडलेली सगळी घाण उपसली. आता खाली वाळू लागलीय."

"मला येतो."

"मग खिडक्या कशा उघड्या टाकता? काठावरचं पिवळं घर तुमचंच ना? मशीनवरून दिसतं मला. आम्ही आलो तेव्हा फटींत कापडं कोंबलेली होती. आता पडदे बाहेर उडत असतात."

"बरं लक्ष असतं रे तुझं!"

"दिवसभर दुसरं बघायला असतं काय तिथे?"

"मुलगा त्या वासाला कंटाळूनच घर सोडून गेला. म्हणाला, नदी साफ झाली की परत येतो. फोनवर दर वेळी विचारतो, गेला का गं वास?"

"मग सांगून टाका की, गेला म्हणून!"

"नाही सांगत. अजून आहे म्हणते."

"का हो?"

"वास गेला म्हटलं, आणि तरी तो आला नाही, तर?"

बस आली. रांग हलली.

"आजी, पुलाखालचा गाळ राहिलाय तसा अजून थोडा."