पिसाचा गळ आणि माझं पान

मी मूळची मोखाड्याकडची. आमच्या पाड्याखालची नदी पावसाळ्यात धडधडायची आणि उन्हाळ्यात नुसती डबकी राहायची, त्या डबक्यांत हातजाळं घालायला मला आयनं शिकवलं, म्हणजे शिकवलं काय, पुढं ढकललं आणि म्हणाली उतर. लग्न करून साखरशेतच्या बाजूला आले तेव्हा इथं बंधारा नव्हता, तो मागून झाला, आणि त्यात चिलापी मासा कुणी आणून सोडला ते कुणाला ठाव नाय. आता जिकडं तिकडं तोच. मरळ पण आहे, पण ती हुशार, हाती लागत नाय.

तर काय सांगू तुमाला, आमची एक रीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं का सगळा पाडा एका दिवशी बंधाऱ्यात उतरतो, आणि मग काठावर पळसाची पानं मांडतात, घरटी एक पान, त्यावर माशांचा वाटा पडतो. जो आला त्याला, जो वीटभट्टीवर गेला त्याला पण. एक घर सगळ्यांशी भांडून बसलं होतं, बोलणं बंद, तरी त्यांचं पान होतं.

मागच्या उन्हाळ्यात माझं पान मांडलं नाय.

झालं असं, जानी माझी शेजारीण, ती बंधाऱ्यावर गेली होती, तिला पाण्यावर वाकलेल्या फांदीला काय दिसलं, तर बारीक गळ, त्याला तांबडं पीस बांधलेलं, वरून काळा दोरा गच्च गुंडाळलेला. तिनं हात नाय लावला. आणि त्याच आठवड्यात तिची गाभण शेळी मेली. आता तसा तांबडा कोंबडा पाड्यात माझ्याच दारात होता, पोरगा वसईहून आला तेव्हा कापलेला. मी एकटी राहणारी बाय, नवरा गेलेला. पुढचं तुमीच समजा. भुताळी, म्हणजे करणी करणारी, हा शब्द आता कुणी तोंडानं काढत नाय, कायदा आहे ना, डोळ्यांनी काढतात. जानी माझ्या चुलीवरचा चहा पिणारी, ती म्हणायला लागली, नको काकी, आताच घेतला.

मला मात्र लगेच आठवलं. कोंबडा सोलत होते तेव्हा एक मोटरसायकलवाला आला होता, शहरातले बघायला येतात ते शिरपामाळ बघून वाट चुकलेला, पाणी प्याला आणि म्हणाला, मावशी, ही पिसं घेऊ का. मी म्हटलं कशाला रे. तर म्हणतो मासे धरायला. मला वाटलं म्हातारीची मजा करतोय. ने म्हटलं. पाड्यात हे सांगितलं तर लखमा, आमच्यातला जुना माणूस, तो म्हणाला, कोणता मोटरसायकलवाला, आमी तर नाय बघितला.

मग मी बंधाऱ्यावर शेळ्या घेऊन बसायला लागले, रोज. कधीतरी येईलच. आला. लांब बारीक काठी, जाड पिवळी दोरी, ती डोक्यावरून मागं पुढं, मागं पुढं फिरवायचा, चाबूक जसा, आणि टोकाला माझ्या कोंबड्याचं पीस. मी पहिलं काय केलं, त्याच्या गाडीची चावी काढली आणि कनवटीला लावली. तो म्हणतो मावशी चावी द्या. म्हटलं देते, आधी पाड्यात चल.

त्यानं सगळ्यांसमोर पिशवीतून पीस काढलं, गळाला बांधून दाखवलं, म्हणाला ही माशी आहे, माशाला किडा वाटतो, फांदीत अडकून तुटली ती पण माझीच. मग सगळ्यांना बंधाऱ्यावर नेलं आणि खरंच चिलापी धरली, चांगली पंज्याएवढी. मला वाटलं, सुटले. तर त्यानं गळ काढला आणि मासा परत पाण्यात सोडला. सगळे बघत राहिले. जानी म्हणाली, अरे सोडलास का. तो म्हणतो, मी खायला नाय धरत, मजा म्हणून.

तो गेल्यावर लखमा म्हणाला, एवढं पेट्रोल जाळून येतो आणि मासा सोडून देतो, म्हणजे त्याला मासा नको, पाणी पाहिजे, बघून ठेवतोय, उद्या शहरवाले कुंपण घालतील. मला पण तसंच वाटतं. अजून येतो तो, हसतो, मी नाय हसत. मी बघत बसते कुठं मोजतो का, कुठं फोटो काढतो का. पण जानीनं तेव्हाच विचारलं होतं, पिसाचं कळलं, मग माझी शेळी कशानं मेली. तेव्हा माझ्याकडं कुणी बघितलं नाय.

ह्या उन्हाळ्यात माझं पान मांडलं. बघते तर माझ्या पानावर सगळ्यांत मोठी चिलापी, लखमाच्या पानावर पण तेवढी नाय. आमच्यात कधी कुणाला जास्त देत नाय. म्हटलं जाने, एवढी मोठी मला का गं. ती खाली बघून म्हणाली, राहू द्या काकी, तुमालाच.

आता हे लाजेनं दिलं का भ्यानं दिलं, कसं ओळखायचं. घरी आणली, मिरची घालून कालवण केलं, जानीला हाक मारली, तर म्हणते पोट भरलंय. देव तिच्या शेळ्या राखो, सगळ्यांच्या राखो. मी एकटीनंच खाल्ली, काटे बघून बघून.