सुनीताचा बिघडलेला आलेख

माझ्या हट्टीपणाचे मूळ विचारता, तर ऐका. बालाघाट जिल्ह्यात, लामता गावापलीकडच्या एका प्रसूतिकेंद्रात मी परिचारिका होते. कळा सुरू झालेल्या बाईच्या गर्भाशयाचे तोंड किती उघडले, हे दर चार तासांनी तपासून आम्ही आलेखावर फुली मारतो. फुली तिरप्या रेषेच्या उजवीकडे गेली, की प्रसूती रेंगाळली असे समजावे.

एका दुपारी सुनीताची फुली रेषेपलीकडे गेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “खोडून टाक ते. उद्या केंद्राची तपासणी हाय. बाळ झाल्यावर रेषेच्या आतून सरळ रेघ ओढून देजो, आम्ही सगळ्या तेच करतो.”

“फुली खोडल्यानं तोंड उघडीन का, ताई?”

“तुलेच लय समजते.”

“मले नाही, सुनीताले समजून राह्यलं.”

मी आलेखावर सही केली, एक प्रत सोबत दिली आणि सुनीताला गाडीने बालाघाटला पाठवले. तिथे शस्त्रक्रिया होऊन मायलेकी सुखरूप सुटल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेबांनी एकसारखे सरळ आलेख समाधानाने चाळले आणि ते माझ्या आलेखापाशी थबकले.

“सिस्टर, हा एकच काहून बिघडला?”

“बिघडला नाही, साहेब,” मी म्हणाले. “हा एकच बाईजवळ बसून भरला.”