रेषेवर हुकूम कोणाचा

मामा: हसू नकोस. नापास झालीस तू.

भाची: मामा, अरे, धनुर्विद्येत जिल्ह्यात पहिली आलेय मी! आणि चर्चच्या उन्हाळी शिबिरात दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवायला नापास?

मामा: नेम धरण्यात पहिली आलीस. शिकवण्यात नाही. सकाळच्या परीक्षेत, पोरांच्या जागी उभ्या केलेल्या पाळकसाहेबांचा बाण सुटला, तेव्हा कुठे बघत होतीस?

भाची: चकतीकडे. मधोमध लागला त्यांचा! टाळ्या नको वाजवू?

मामा: आणि तेवढ्यात स्वयंपाकीण काकू बाण लावलेलं धनुष्य घेऊन माळीदादाकडे वळल्या. ‘हे असंच धरायचं ना रे?’ म्हणून.

भाची: अगंबाई. मला दिसलंच नाही.

मामा: तेच तर म्हणतोय. बाण कुठे लागला ते मागाहून बघता येतं, तो काही पळून जात नाही. तू रेषेच्या टोकाला उभं राहायचं आणि पोरांच्या हातांवरून नजर काढायची नाही. चांगल्या नेमबाजाला हेच जमत नाही. डोळे बाणामागे धावतात.

पाळक: येऊ का आत? आम्ही तिन्ही ‘पोरं’ तयार आहोत. मास्तर, उद्या सकाळी खरी पोरं येताहेत. हिला पास करताय, की धनुष्यांच्या खोलीला कुलूप लावू?

मामा: एकट्याने मला आता झेपत नाही, पाळकसाहेब. ही पास झाली तर धनुष्यबाण, नाहीतर दोरीउड्या.

भाची: दोरीउड्या कशाला? आत्ताच्या आत्ता घ्या पुन्हा परीक्षा!

पाळक: आत्मविश्वास दांडगा आहे हो पोरीचा.

भाची: आडात आहे, पाळकसाहेब. पोहऱ्यात येईलच.

मामा: जीभ कमी चालव. डोळे चालव.

(मैदानावर. तिघे ‘विद्यार्थी’ रेषेवर, हातात धनुष्यं.)

पाळक: ताई, ताई! हा माळ्याचा पोरगा मला ढकलतोय!

भाची: दोघंही एकेक पाऊल लांब व्हा. बाणाचं टोक जमिनीकडे.

पाळक: ताई, मला शू लागली.

भाची: आधी धनुष्य खुंटीला लावा, मग जा.

पाळक: खरंच नाही हो लागली.

भाची: मग गप उभे राहा! काकू, तुमचा पाय रेषेच्या पुढे गेलाय. हं, आता बरोबर. लावा बाण. ओढा दोरी.

मामा: हा एक बाण पुढे पडलाय बघ, तेवढा उचलून...

भाची: थांबा! कोणी सोडू नका! काकू, हळू, हळूच सैल करा दोरी. अशी. धनुष्यं खाली, सगळ्यांनी! मामा, मागे ये!

मामा: अगं, बाण पडला होता...

भाची: बाण गेला खड्ड्यात! तीन धनुष्यं ताणलेली आहेत आणि तू त्यांच्यासमोर वाकतोस? आधी रेषेच्या मागे ये, मग बोल!

मामा: आलो, आलो.

भाची: हं. आता सांग.

मामा: अगं... परीक्षा होती ती. तुझी.

पाळक: वा मास्तर! काय डोकं चालवलंत! आम्हालाही पत्ता लागू दिला नाहीत. पास, पास! थांबा, संध्याकाळच्या प्रार्थनेत साक्षच देतो मी, कसला गुरू आणि कसली चेली म्हणून. चला काकू, चला माळीदादा.

भाची: मामा.

मामा: काय गं?

भाची: परीक्षा नव्हती ना ती?

मामा: पास झालीस ना? झालं तर मग.

भाची: तुझा चेहरा पांढराफटक पडलाय. तुला काही झालं असतं तर मी पुन्हा धनुष्याला हात लावला नसता, मामा. कधीच.

मामा: आयुष्यभर पोरांवर ओरडलो, रेषा ओलांडू नका म्हणून. आणि पडलेला बाण दिसला की माझाच पाय पुढे जातो. सवय मेली!

भाची: मी नाही सांगणार कोणाला.

मामा: तू नाही गं सांगणार. पण तो भला माणूस माझ्यापायी प्रार्थनेत खोटी साक्ष देईल, त्याचं काय? पाळकसाहेब! अहो, जरा मागे फिरा!

पाळक: आता काय राहिलं?

मामा: खोटं बोललो मी. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती. चुकून गेलो पुढे.

पाळक: चुकून? अरे देवा! काकूंनी तर पार हनुवटीपर्यंत ओढली होती दोरी!

मामा: हो ना. ही ओरडली नसती, तर तुम्हाला माझ्यासाठी वेगळी प्रार्थना म्हणावी लागली असती.

पाळक: असं बोलू नका हो. मग... निकाल काय धरायचा?

मामा: ही पास. नापास मी.

पाळक: आणि उद्या? तुम्हाला घरी पाठवू की काय?

भाची: छे! मामाइतकं शिकवणार कोण? खांदा कसा, कोपर कुठे, सगळं तोच शिकवेल. पण रेषेवर हुकूम माझा. मी बोलावेपर्यंत तो मागच्या बाकावर.

पाळक: मास्तर, ऐकलंत? चालेल?

मामा: न चालून सांगतो कोणाला? फक्त एक कर गं.

भाची: काय?

मामा: उद्या पोरं आली की पहिल्यांदा मलाच सांग बसायला. सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी बसलो की तीही बसतील.