रुपचंदआबांचा भरवसा

“पुढारी दिसला की चपला आत घ्या,” पूनमची आजी म्हणायची. आज पूनमलाच सरपंच व्हायचं होतं, पण सासऱ्यांना सांगायला जीभ रेटेना. चाळीसगावच्या बसमध्ये पुढच्याच बाकावर सासरे रुपचंदआबा आणि त्यांचे दोस्त देवचंदनाना रंगात आले होते.

“रुपचंद, डॉक्टरवर भरवसा शे तुना?”

“सुई टोचेपर्यंत.”

“शिंप्यावर?”

“माप घेतो तोवर.”

“सरपंचावर?”

“निवडून आला की ओळख देत नाही तो.”

“त्याची भरीत पार्टी तर हाणलीस.”

“भरीत गिळलं, भरवसा नाही.”

“मग बठ्ठ्या गावात, अख्ख्या गावात भरवसा कुणावर?”

“आमच्या पूनमवर. काही लपवत नाही पोरगी.”

पूनम हसू दाबत पुढे वाकली.

“आबा, एक लपवलं. यंदा सरपंचाला मी उभी राहतेय, आणि पहिलं मत तुमचंच मागतेय.”