भीमताल काय, जवळच आहे!

...आणि वर मलाच विचारतात, "उल्का, तुझी ती जांभळी शाल नेऊ का गं? तिकडे संध्याकाळी गारवा असतो म्हणे." न्या की! शाल न्या, थर्मास न्या, मी ठरवलेली टॅक्सी न्या, माझी खोली न्या, खोलीच्या खिडकीतला तलावसुद्धा न्या... नाही, हे मी बोलले नाही. मी म्हणाले, "न्या ना वन्सं, वरच्या खणात आहे." हाच तर माझा घोळ आहे, तुम्हाला सांगते. मला राग येतो, चांगला सणसणून येतो, पण पोटातून तोंडापर्यंत पोचेस्तोवर त्याचं "न्या ना" होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एका शालीवरून एवढी का पेटली.

आम्ही राहतो गाझियाबादला. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लग्न होऊन सांगलीहून निघाले ती थेट इथेच उतरले. आता गाझियाबाद म्हणजे दिल्ली नव्हे, मधे यमुना आहे, राज्यसुद्धा वेगळं आहे, पण हे सांगलीत कुणाला पटतच नाही. त्यांच्या लेखी आम्ही दिल्लीत, आणि दिल्ली म्हणजे काय? हिमालयाचा जिना! आणि आमचं घर म्हणजे जिन्याखालची खोली. वर जाताना सामान टाकायचं, खाली येताना उचलायचं. मे महिना लागला की सुरू... ह्यांचे मावसभाऊ, मावसभावाचे शेजारी, शेजाऱ्यांचे व्याही! निजामुद्दीनला उतरतात, आमच्याकडे आंघोळी करतात, पिठलंभात जेवतात, जास्तीची बॅग दिवाणाखाली सारतात, माझ्याकडून दशम्या बांधून घेतात आणि चालले शिमल्याला. आठवड्याने परत येतात ते ओले बूट घेऊन, ते वाळणार माझ्या बाल्कनीत. आणि जाताना दारात उभं राहून एकेक जण काय म्हणतो माहितीये? "तुम्हाला काय बाई, जवळच आहे! मनात आलं की निघालं!"

मनात आलं की! अहो, मनात तर लग्नाच्या वर्षीच आलंय. निघायचं कसं? दिवाणाखाली कोल्हापूरची बॅग, बाल्कनीत साताऱ्याचे मोजे.

तुम्ही माझा फ्रिज बघा एकदा येऊन. खोटं नाही सांगत, दार दिसत नाही त्याचं. शिमला, मनाली, मसुरी, नैनिताल, डलहौसी, सगळीकडचं एकेक चुंबक चिकटवलेलं, कारण येणारा प्रत्येक जण "उल्कासाठी आठवण" म्हणून तेच आणतो. कसली आठवण? न गेलेल्या ठिकाणाची? आणि सल्ले विचारायचे ते मलाच. मीही देते हो! बर्फात घालायचे बूट भाड्याने घ्या, विकत नको. घाटात पुढच्या सीटवर बसा, मागे मळमळतं. खिशात आवळासुपारी ठेवा. हे कोण सांगतंय? जिने इतक्या वर्षांत चढ म्हणून पाहिला तो मेट्रोचा सरकता जिना!

ह्यांना म्हणावं तर हे शांत. यतीन हे नावच शांत माणसाचं आहे बहुतेक. "जाऊ की. हिमालय काय पळून चाललाय? जवळच तर आहे." म्हणजे बाहेरचे म्हणतात ते म्हणतात, घरचा माणूसही तेच!

तर यंदा काय झालं, आमची सुरुची बारावी झाली. एकुलती एक. जुलैत पुण्याला कॉलेजला जाणार, हॉस्टेलवर. एक दिवस पोळ्या करत होते, ही ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, माझ्या सगळ्या फ्रेंड्सना बचपनचं काही ना काही आठवतं यार, डोंगर, नदी, काहीतरी. आपण फक्त मेहमान बघितले." तुम्हाला सांगते, माझी पोळी तव्यावर करपली. मुलगी घरातून चालली आणि बरोबर नेणार काय, तर पाहुण्यांची आठवण?

मग मी कंबर कसली. मी, हं! हे नाही. शेजारच्या शिवांगीने नैनितालजवळच्या भीमतालच्या एका बिष्टबाईंचा नंबर दिला, त्या घरातल्याच खोल्या भाड्याने देतात, तलावाच्या अगदी काठावर. मी स्वतः फोन केला, माझ्या हिंदीत. खिडकीतून पाणी दिसेल अशी खोली हवी, म्हटलं. त्या म्हणाल्या, "दीदी, खिड़की खोलोगी तो ताल ही ताल है." ताल ही ताल! मी ते वाक्य मनात घोळवत भांडी घासत होते, सांगते. मी काय काय ठरवलं होतं... काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे. सुरुची म्हणाली होती पायडलची बोट चालवायला शिकवते. स्वयंपाक नाही. "चहा टाकू का?" हे वाक्य चार दिवस उच्चारायचं नाही. बास. एवढंच! मी काय स्वित्झर्लंड मागत होते?

आणि सांगलीला कळू द्यायचं नाही, हे ह्यांना बजावून ठेवलं होतं.

तरी आलाच फोन. कल्पनावन्सं, ह्यांची थोरली बहीण. त्या, तात्याराव भावोजी, त्यांचा निहार आणि निहारची नवी बायको मैत्रेयी, असे चौघं मनालीला निघाले होते. एक रात्र आमच्याकडे, दुसऱ्या दिवशी त्यांची टूरची बस. मी म्हटलं ठीक आहे, ते सकाळी जातील, त्याच्या दुसऱ्या सकाळी आपण. आले. आंघोळी झाल्या, पिठलंभात झाला, आणि टूरवाल्याचा फोन... रस्ता खचलाय, गाड्या बंद, टूर रद्द. हात वर केले की त्याने! आता मे महिन्यात दुसरीकडे कुठे जागा मिळायला? निहारने अख्खा दिवस मोबाईल कानाला लावला, कुठेही एक कॉट रिकामी नाही.

आता आमच्या बैठकीच्या खोलीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर लू चाललीये, तोंड भाजणारा वारा, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही, आणि आत चार माणसं मांडीवर नवेकोरे स्वेटर घेऊन बसलेली. तात्यारावांनी तर एसी वाढवून माकडटोपी घातली होती. म्हणे घेतलीये तर वापरू. वन्सं सुस्कारे टाकतायत. नवी सून खाली मान घालून. आणि कोपऱ्यात आमच्या तीन बॅगा, भरून ठेवलेल्या. लपवणार कुठे? दिवाणाखाली त्यांच्या बॅगा होत्या!

मग निघालंच सगळं बाहेर. भीमताल, बिष्टबाई, खिडकी. मी लगेच बिष्टबाईंना फोन लावला, आणखी चार जण चालतील का. त्या गोड बोलतात पण पक्क्या. मे महिन्यात पाण्याची ओढ असते, एका खोलीत चारच्या वर माणूस ठेवणार नाही, आणि दुसरी खोली गेलेली. म्हणजे सरळ होतं ना सगळं? आम्ही तिघं जायचं, ह्या चौघांनी घरात राहायचं. मी तर कामवाल्या बाईला कधी बोलवायचं, गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे, हे सांगायला सुरुवातसुद्धा केली होती. वन्सं म्हणाल्या, हो हो, जा तुम्ही, आम्ही बसू इथे उकाड्यात, लाइट फार जाते का गं इथली? तात्यारावांनी माकडटोपी काढली आणि हळूहळू घडी घालायला लागले. अशी घडी, अशी घडी... जणू कुणी गेलंय!

आणि मग मी बोलले. मी! माझ्या तोंडाने! कुणी गळा धरला नव्हता!

"वन्सं, तुम्हीच जा ना. आम्हाला काय, जवळच आहे."

हसताय काय? तुम्ही नसतं म्हटलं? अहो, ही म्हणायची गोष्ट आहे! आपल्यात असं म्हणायचंच असतं. आणि समोरच्याने काय म्हणायचं असतं? "छे छे, वेडी का तू!" म्हणायचं असतं. मग मी परत म्हणायचं, त्यांनी परत नको म्हणायचं, शेवटी ज्याचं त्याला मिळतं आणि सगळ्यांचं मन राहतं. साधे पोहे पुढे केले तरी माणूस दोनदा नको म्हणतो. आणि हे तात्याराव! ह्यांना श्रीखंडाची दुसरी वाटी द्यायची तर ताटावर आडवा हात धरतात, खुर्चीवरून अर्धे उठतात, शपथा घालाव्या लागतात माणसाला! तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला,

"बरं. तू एवढं म्हणतेस तर."

एवढं? एवढं कुठे? एकदाच म्हटलं होतं मी!

मी वन्संकडे बघितलं. म्हटलं ह्या तरी म्हणतील. वन्सं म्हणाल्या, "खोलीत गरम पाण्याची सोय आहे ना गं?"

मग मी ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात एकदा, एकदाच त्या माणसाने तोंड उघडावं असं मला वाटलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नंतर स्वयंपाकघरात गाठलं तर म्हणतात, "तूच म्हणालीस. मला वाटलं तुझा विचार बदलला." विचार बदलला! ह्या माणसाला सरकारने फायली वाचायला ठेवलंय, आणि बायकोचा चेहरा वाचता येत नाही.

आणि मागोमाग सुरुची आली. ती चिडली की तिची मराठी संपते. "मम्मा, तूने ऐसा बोला क्यों?" मी म्हटलं, अगं, मला वाटलं ते नको म्हणतील. तर म्हणते, "जायचं होतं तर जाणार म्हणायचं ना सीधा! ते नको म्हणतील म्हणून तू जा म्हणालीस? ये क्या लॉजिक है?" आता इकडे वाढलेल्या पोरीला काय सांगू? हे लॉजिक नाही बाई, हे वळण आहे. मला माझ्या आईने लावलं, तिला तिच्या आईने. मग ती अगदी हळू म्हणाली, "जुलैत मी जाणार, मम्मा. मग कधी?"

 

मी पदर खोचला आणि बाहेर गेले. ठरवूनच गेले की आता स्पष्ट सांगायचं, वन्सं, मी आपलं रीत म्हणून बोलले, माझ्या मुलीला न्यायचंय मला. आणि बाहेर काय, तर वन्संनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, आणि नव्या सुनेला म्हणतात, "मैत्रेयी, बघून ठेव गं. मन असावं तर असं. शीक माझ्या भावजयीकडून."

संपलं. आता ह्यापुढे कोण काय बोलणार, सांगा बरं? मी आत गेले आणि दशम्या करायला घेतल्या. चौघांच्या! आणि तेव्हाच मागून आवाज, शाल नेऊ का गं.

बिष्टबाईंना नावं बदलून सांगायला फोन केला. त्या हळहळल्या हो. आप नहीं आ रहीं, म्हणाल्या, आपने तो खिड़की इतने शौक से माँगी थी. आणि पुढे म्हणतात, "चलो कोई बात नहीं दीदी, आपको तो पास ही पड़ता है."

तिकडचे डोंगरसुद्धा तेच म्हणणार बहुतेक!

गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या टॅक्सीतून, हात हलवत. तात्याराव पुढच्या सीटवर, घाटात मळमळू नये म्हणून. सल्ला माझाच.

त्या दिवशी हे ऑफिसला जायला निघाले, रजा काढलेली असून. घरात थांबायची हिंमत नसावी. सुरुची खोलीचं दार लावून बसली. मी सगळ्या घराच्या चादरी धुतल्या. राग आला की मी धुणं काढते, ह्या वेळी पडदेसुद्धा धुतले.

आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तात्याराव. "उल्का, दिसतंय का गं? अगं काय जागा काढलीस! दिसतंय का?" मी डोळे ताणून बघतेय, तर पडद्यावर आपलं काहीतरी गुलाबी, मोठ्ठं. भावोजींचा अंगठा! सगळ्या कॅमेऱ्यावर आडवा. मी सांगतेय, भावोजी, बोट, बोट! ते म्हणतात, "हो हो, बोटीतपण बसलो!" मागून वन्संचा आवाज, हवा काय आहे, पाणी काय आहे, तुम्ही एकदा यायलाच हवं. आणि मी? "छान, छान, मजा करा" म्हणतेय अंगठ्याला.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. सुरुची येऊन माझ्या शेजारी बसली. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून तीही बघायला लागली. मग तिने पडद्याच्या कडेला बोट लावलं. "मम्मा, ते बघ. नखाच्या बाजूला. हिरवं हिरवं हलतंय ना? तेच पाणी."

होतं खरंच. एवढंसं. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून ते बघत बसलो, तिकडची बॅटरी संपेपर्यंत.

तर आता कुणी विचारलं ना, की मुलीला पुण्याला धाडायच्या आधी तलाव दाखवलास का, तर हो म्हणून सांगते. दाखवला. तात्यारावांनी अंगठा जरा बारीक ठेवला असता, तर अजून दिसला असता.