मॉनिटरवरचा झेंडूचा हार

मंडळी, पुढं सरका! खांबाला टेकून बसलेल्यांनी तर आधी सरका — खांब देवळाचा आहे, झोप तुमची आहे, दोघांची गाठ घालू नका!

हं! आता माझा एक प्रश्न. देव दिसत नाही, देव दिसत नाही, म्हणून आपण जन्मभर ओरडतो. बरोबर? पण दिसत नाही, यात चूक कुणाची? त्याची? की आपली? मृदंगवाले, तुम्ही नका सांगू, तुम्ही ही गोष्ट आधी ऐकलीय!

तर ऐका. पुराणातली नाही, विट्याची गोष्ट आहे. एसटी स्टँडसमोर उद्धव शेटे नावाचा फोटोवाला. भाविक किती? लग्नात नवरदेव बोहल्यावर ताटकळला तरी चालेल, पण आधी कॅमेऱ्याला उदबत्ती! त्याची बायको मालन. ती दुकानात कॉम्प्युटरवर बसून फोटो साफ करायची, अल्बम लावायची. म्हणजे बघा — देवभोळेपणा नवऱ्याचा, काम बायकोचं. बायकांनो, हसू नका, तुमच्याकडे निराळं नसणार!

खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा! सुताराचा रंधा, शिंप्याची कातर, तशी उद्धवची कॉम्प्युटरची पूजा. कीबोर्डवर हळदकुंकू, माऊसला अक्षता. आणि मॉनिटरला झेंडूचा हार — हा असा, मनगटाएवढा जाड! दोन वेढे दिले, मागं करकचून गाठ मारली. पडदा चारी बाजूंनी फुलांत बसवला. मालन म्हणाली, "अहो, मॉनिटर आहे की मुंज्या?"

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी दुकानात एक म्हातारा आला. यशवंतआबा लोहार, जवळच्या खेड्यातले. हातात आपट्याची पानं. उद्धवला सोनं दिलं आणि खाली बसले.

"उद्धवा, परवा आमच्या गौराचं वर्षश्राद्ध हाय. तिचा फोटू एक बी न्हाई रं घरात. पाटलाच्या लेकीच्या हळदीत तू काढलावतास, त्यात ती हाय म्हनत्यात. तेवढा दे. सांजच्या गाडीनं जातो."

"आबा, अहो हा काय आत्ता देतो!"

दाबलं बटण. खालच्या डब्यात पंखा घरघरला. 'टुंग' असा आवाजसुद्धा झाला. मॉनिटरचा बारका दिवा लागला, पण पिवळा. आणि पडदा? काळा ठिक्कर! अमावस्येला काजळ फासलेलं!

मालन म्हणाली, "अहो, आतलं यंत्र चालू आहे. मागची वायर सैल झाली असेल, बघू द्या."

"हाराला हात लावायचा नाही! पुजलेला हार कोजागरीपर्यंत हलवायचा नाही. आमच्या बाबांची रीत आहे!"

मग हार सोडून बाकी सगळं सुरू झालं. बटण बंद केलं, चालू केलं. भिंतीतला प्लग काढला. वीज येते का बघायला घरातला मिक्सर आणून लावला — मिक्सर छान फिरला, चटणीवाचून! पडद्याचा उजेड वाढवायची बटणं दाबून झाली. नारळ फोडला. आरती झाली. मॉनिटरपुढं! कर्पूरगौरम् सकट! पडदा काळा तो काळाच.

उद्धव चिडला. "नवाच आणतो! दसराच आहे, मुहूर्त आयता आहे."

"जुन्यानं काय घोडं मारलंय? आधी वायर बघा!"

"हार नाही काढायचा म्हणजे नाही!"

नवराबायकोची जुंपली, आणि आबा मात्र त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलेले. गाडीची वेळ होत आली होती. हळूच म्हणाले, "पोरांनो, भांडू नगा. श्राद्धासाठी न्हाई रं मागत मी फोटू. मला तिचं तोंड आठवंना झालंय. आवाज आठवतो. दिलेल्या शिव्या तर समद्या आठवत्यात! पर डोळं मिटलं की नुसता पदर दिसतो. तोंड दिसत न्हाई."

मंडळी, ऐकलंत? चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं तोंड आठवत नाही. काय वाटत असेल हो त्या जिवाला?

आबा उठले. मॉनिटरजवळ गेले. "ही फुलं सुकल्यात बघ. गौरा म्हनायची, शिळं फूल देवाच्या अंगावर ठिवू नये, देवाला टोचतं." आणि उद्धव "आबा, आबा!" करेपर्यंत त्यांनी हार उचललासुद्धा!

मागची गाठ काही सुटेना. हाराबरोबर एक वायर वर आली. मालननं वाकून बघितलं. वायरीचं टोक मॉनिटरमधून निसटून लोंबत होतं! करकचून गाठ मारताना वायर हारात गुंतली, आणि ओढली गेली. यंत्र बिचारं आतून सारखं दाखवत होतं हो! पण पोचणार कसं?

मालननं वायर सोडवली, टोक नीट बसवलं, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. आणि लख्ख उजेड!

फोटो शोधला. हळदीचा मांडव, बायकांचा घोळका, आणि कडेला गौराबाई — गालाला हळद, तोंडभर हसतायत.

आबा बघतच राहिले. मग एकदम म्हणाले, "अगं! फुडचा दात पडलावता न्हवं तुझा! इसरलोच व्हतो की!" हसतायत, आणि डोळ्यांतून धारा लागल्यात.

मालननं डोळे पुसत विचारलं, "आबा, दात भरून देऊ का? कॉम्प्युटरवर होतं."

"हात लावू नगंस! हाय तशी दे!"

सांजच्या गाडीला आबा गौराबाईंना पिशवीत घेऊन चढले, खिडकीची जागा धरून. आणि उद्धव? सुकलेला हार हातात घेऊन दुकानात उभा. मालन म्हणाली, "आता त्याचं तरी विसर्जन करा!"

कळलं का मंडळी? पडदा शाबूत, यंत्र शाबूत, वीज शाबूत. आड कोण आलं? हार! घातला कुणी? भक्तानं! आणि काढायला बंदी कुणाची? त्याच भक्ताची!

उद्धवला हसलात ना पोटभर? आता ऐका. मघाशी मी दर्शनाला गाभाऱ्यात गेलो होतो. तुमच्या गावानं देवाला काय हार घातलेत! पाटलांचा, सरपंचांचा, तालीम मंडळाचा, मुंबईकर मंडळाचा, एकावर एक. मी हात जोडले, वाकून बघितलं, टाचा उंच केल्या. मूर्ती काही दिसली नाही. कुणाचा हार वर आणि कुणाचा खाली, तेवढं मात्र स्पष्ट दिसलं!

पुजारीबुवा, उठा. काढा ते हार. अहो पाटील, रागावू नका, तुमचा पहिला निघणार, कारण तो सगळ्यात वर आहे! आणि ती दाराशी म्हातारी बसलीय ना, मघापासून मान उंचावतेय — तिला आधी विचारा, आजी, आता दिसतंय का?

दिसतंय म्हणते! मृदंगवाले, वाजवा!