इंजिनाची आंघोळ

तुम्ही हसाल, पण सकाळी उठल्यापासून खपून मी माझ्या चावीच्या आगगाडीचे रूळ ओटीवरून, माजघरातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणले. तिथं बायको सोवळ्यात आडवी उभी.

"सगळ्या घराची धूळ खाऊन येते ती. चुलीपाशी यायची नाही."

"अगं, चुलीमागून वळल्याशिवाय फेरा पुरा होत नाही की."

"मग अर्धाच राहू द्या."

मी कसला ऐकतोय. आडावर जाऊन इंजिन आणि डबे घासूनपुसून स्वच्छ केले, चाकांना तेल दिलं आणि उंबऱ्याशी आणून उभे केले.

"घे, झाली आंघोळ. आता?"

तिनं इंजिन नीट न्याहाळलं, मग मला.

"त्याची झाली. ड्रायव्हरची?"

मी तसाच परत आडावर गेलो, अंगावर पाणी ओतून घेतलं आणि ओलेत्यानंच येऊन चावी दिली.